डार्वेनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मी राहते ते गाव कसं आहे, हे तुम्ही विचारलंत. फोनवर सांगून ते कळणार नाही, म्हणून लिहितेय.

डार्वेन हे लँकेशायरमधलं, ब्लॅकबर्नला खेटून असलेलं दरीतलं गाव. उतारावर दगडी घरांच्या सलग रांगा आणि मधोमध गिरणीची चिमणी, जवळजवळ तीनशे फुटांची. गिरणीचं नाव काय, तर इंडिया मिल! १८६७ साली ती बांधून झाली. आता सूतकताई बंद आहे, आत ऑफिसं आहेत. पण चिमणी कुणी पाडली नाही, याचं मला फार बरं वाटतं. लालबाग-परळच्या किती चिमण्या आपल्या डोळ्यांदेखत गेल्या!

आई, इथे साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बायका मोठ्या संख्येने होत्या, लग्न झालेल्यासुद्धा. आपल्याकडे बायका सूत गुंडाळायच्या वाइंडिंग-रिळिंगला आणि साचेखातं पुरुषांचं. खात्यात इतका गदारोळ, की या बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचं बोलणं ओळखत. उन्हाळ्यात गिरण्या आठवडाभर बंद राहत आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. शिमग्याला आपली गिरणगावची माणसं कोकणात जायची, तसंच.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस थांबला. मग मुंबईमार्गे सुरती कापूस आला, पण त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा. इथली माणसं अर्धपोटी होती, तेव्हा मुंबईचे व्यापारी गब्बर होत होते. हे वाचल्यापासून मला दोन्ही शहरं वेगळी धरताच येत नाहीत. १९१३ साली लँकेशायरहून सुमारे तीनशे कोटी वार कापड हिंदुस्थानात गेलं. पुढे जपान आला, स्वदेशी आली आणि मुंबईच्या गिरण्यांनी ती बाजारपेठ घेतली. त्या गिरण्यांतली बरीच यंत्रं लँकेशायरचीच!

१९३१च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेच्या दिवसांत, गांधीजी इथे स्प्रिंग व्हेल भागात उतरले होते. गावात बेकारी होती, बहिष्काराची झळही होती. तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जल्लोष केला. त्यांनी लोकांचं सगळं ऐकून घेतलं, आपल्याकडची उपासमार सांगितली, पण खादीचा आग्रह सोडला नाही. आणि तरीही माणसांनी त्यांच्याशी वैर धरलं नाही. १९८२च्या संपानंतर घरी बसलेले तुम्ही या माणसांना लगेच ओळखाल, बाबा.

शेजारच्या आजी जुन्या विणकर. इथे एका माणसाकडे चार साचे असत. १९३१ साली मालकांनी सहा-आठ लादायचं ठरवलं, तेव्हा मोठा झगडा झाला. मुंबईत दोनाचे तीन करण्यावरून १९२८ साली संप झाला होता, हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांकडे किती होते?" रविवारी फोनवर सांगा. आडवा धागा नेणारा धोटा कुठल्या लाकडाचा असायचा, तेही त्यांना हवंय.

गोळ्या वेळेवर घ्या. आईने गुडघ्याची तपासणी पुढे ढकलू नये.

तुमची,
सुमा