रिंगणाचा शॉट आधी कच्चा काढ

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

वारीवर एआयने व्हिडिओ करतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण एआय टूल वापरायचे क्रेडिट संपत आले आणि रिंगणाचा एकही शॉट मनासारखा नाही, याचं वाईट वाटलं. तू प्रत्येक शॉट थेट मोठ्या रिझोल्यूशनमध्ये काढतोयस. ते आधी थांबव.

एआयचं चित्र नुसत्या नॉइजमधून, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांमधून, सुरू होतं आणि एकेका स्टेपने साफ होत जातं. घोडा कुठे, गर्दी कुठे, उजेड कुठून, हे सुरुवातीच्या स्टेप्समध्येच ठरतं. बारकावे नंतर भरतात. म्हणून कमी स्टेप्सचा ड्राफ्टसुद्धा कामाचा असतो. मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआय टूलने २०२५ मध्ये ड्राफ्ट मोड आणला, तो त्यांच्याच सांगण्यानुसार दहापट वेगवान आणि निम्म्या खर्चाचा आहे.

व्हिडिओत तर फरक फारच मोठा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांच्या १२० होतात. लांबी-रुंदी दुप्पट केली की पिक्सेल चौपट, आणि बहुतेक मॉडेल्स चित्राचा प्रत्येक तुकडा बाकीच्या तुकड्यांशी ताडून बघत असल्याने काम त्याहूनही जास्त वाढतं. म्हणून ४८०पी या कमी रिझोल्यूशनमध्ये छोट्या क्लिप काढ आणि त्यात फक्त कॅमेरा कसा फिरतो, अश्व कुठून कुठे धावतो, एवढंच बघ. टाळकऱ्यांची बोटं आणि पताकेवरची अक्षरं ड्राफ्टमध्ये बिघडलेलीच दिसणार, त्यावरून शॉट टाकून देऊ नकोस. (अक्षरं शेवटी एडिटिंगमध्येच घाल, जोडाक्षरं मॉडेलवर सोपवू नयेत असं माझं ठाम मत आहे.)

ड्राफ्ट अण्णांना दाखवच. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो, माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. मॉडेल दोन्हींवर माणसं बसवून मोकळं होईल. ही चूक अण्णा क्षणात पकडतील, आणि तेव्हा दुरुस्ती स्वस्तात होईल. दादासाहेब फाळक्यांनीही १९१३ च्या मोठ्या चित्रपटाआधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म करून दाखवली आणि भांडवल उभं केलं.

एक जपून कर. सीड, म्हणजे सुरुवातीचं नॉइज ठरवणारा आकडा, तोच ठेवलास तरी रिझोल्यूशन बदललं की चित्र बदलतं. त्यामुळे पसंत पडलेल्या ड्राफ्टची पहिली फ्रेम संदर्भ म्हणून देऊन मग पक्का शॉट काढ.

रिंगणाचे ड्राफ्ट मलाही पाठव, रविवारी फोनवर बसून निवडू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल