यंत्रे अजून का चालू आहेत: आई-बाबांना पत्र

पुणे,
२२ जून २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

काल रात्री फोनवर बाबांनी विचारले की कोरोना संपला, मग तुमच्या प्रयोगशाळेतील विषाणूची जनुकीय माळ वाचणारी ती यंत्रे अजून कशासाठी चालू आहेत. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागे आईचा खोकला ऐकू आला आणि बोलता बोलता कळले की चार दिवसांपासून तिला कणकण आहे आणि मागच्या आजारपणातील उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ती घेते आहे. त्यानंतर माझे लक्ष उडाले आणि उत्तर अर्धवट राहिले. माझ्या दृष्टीने बाबांचा प्रश्न आणि आईचा खोकला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हे फोनवर सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून लिहीत आहे.

बाबा, तुम्ही कृषी सहायक होता तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी तुमच्यामागे गाडीवर बसून कपाशीच्या शेतांत येत असे. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्याच्या पिशवीची गाठ सोडून तुम्ही मेलेले पतंग तळहातावर घेत, बोटाने एकेक बाजूला सारत मोजत आणि वहीत आकडा लिहीत. एकही पतंग नसला तरी तारीख घालून शून्य लिहीत. बोंड तर स्वच्छ दिसते, मग रोज येऊन मोजता काय, असे शेतकरी विचारत. तेव्हा सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, आणि अळी बोंडात शिरल्यावर मोजून काही उपयोग नाही, हे तुम्ही न कंटाळता सांगत असा. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने, तिलाच रोखण्यासाठी जनुक बदलून केलेल्या बीटी कपाशीचा घास घेतला, तेव्हा तुम्ही हळहळत म्हणाला होतात की वाण बदलला, अळीला तो पचू लागला आणि आपण मात्र सापळे काढून ठेवले. मी आज करते ते काम याहून फार निराळे नाही.

कोरोना विषाणूची जनुकीय अक्षरमाळा जवळपास तीस हजार अक्षरांची आहे. विषाणू आपल्या शरीरात स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा अधूनमधून एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका वाया जातात. पण एखाद्या चुकीमुळे विषाणू पेशीला अधिक घट्ट चिकटतो किंवा आधीच्या लसीने व आजाराने तयार झालेल्या प्रतिकारशक्तीला चकवतो, आणि मग तोच वंश फोफावतो. आमच्याकडे रुग्णाच्या नाकातील स्वॅब गुलाबी द्रवाच्या लहान नळीत येतो. त्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची ही अक्षरमाळा, वेगळी काढतात, त्याची डीएनए प्रत तयार करतात आणि कौलारू छपरावरील कौले जशी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात तसे तिचे लहान लहान तुकडे वाढवतात. यंत्र ते तुकडे वाचते, संगणक ते जुळवून अखंड माळ उभी करतो आणि जानेवारी २०२० मध्ये चीनमधून जगासाठी खुल्या झालेल्या पहिल्या माळेशी ती ताडून पाहतो. मात्र नळीत विषाणू पुरेसा हवा. आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांतील स्वॅब सहसा नीट वाचता येतो. आठव्या-दहाव्या दिवशी घेतलेल्या स्वॅबमधून बरेचदा तुटक ओळी हाती येतात.

आता फेब्रुवारी २०२१ विषयी लिहिते, कारण ते तुम्हाला आजवर मी नीट सांगितलेले नाही. पहिली लाट ओसरली होती, लग्ने धूमधडाक्यात चालली होती आणि राज्याच्या इतर भागांत शांतता असताना आपल्या अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण वाढू लागले होते. २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली. बाबांनी परतवाड्याहून फोन करून विचारले होते की हा रोग पहिल्यासारखाच आहे की काही वेगळा. मी म्हणाले होते की पहिल्यासारखाच दिसतो, काळजी करू नका. त्या वेळी माझ्या हाती दुसरे उत्तर नव्हते हे खरे आहे. पण "ठाऊक नाही, म्हणून अधिक जपा" असे मी म्हणायला हवे होते, ही खंत आजही जात नाही.

त्याच सुमारास आपल्याकडून आलेली एक थर्माकोलची पेटी माझ्या डोळ्यांसमोर आहे. बर्फाच्या पिशव्यांचे कोमट पाणी झाले होते आणि ओलीमुळे नळ्यांवरील शाईचे आकडे ओघळले होते. सोबतच्या यादीत वयाचा रकाना निम्मा रिकामा, लक्षणे कधी सुरू झाली तो रकाना पूर्ण रिकामा, आणि मोबाइल क्रमांकाच्या जागी बऱ्याच ओळींत सलग नऊचे आकडे भरलेले. ती यादी भरणाऱ्याचा मला राग आला नाही, कारण चौदा तास उभे राहून स्वॅब घेणाऱ्या माणसाने शेवटी ती भरली असणार. तरीही त्यातील दोन नळ्यांमधील विषाणू वेगळा दिसला, तेव्हा हे रुग्ण कोण, एकाच घरातील की दोन तालुक्यांतील, दवाखान्यात दाखल झाले की घरीच बरे झाले, हे कोणाला विचारायचे तेच कळेना. विषाणू वाचला, पण माणूस हरवला होता. हा दोष केवळ त्या पेटीचा नव्हता. डिसेंबर २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांना जोडून 'इन्साकॉग' हे जाळे उभे केले आणि पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी पाच टक्के वाचायचे असे ठरवले. पण पहिल्या महिन्यांत प्रत्यक्ष वाचन त्याच्या जवळपासही पोहोचले नाही.

२४ मार्च २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातील सुमारे पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र सापडत आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. त्या वंशाचे शास्त्रीय नाव बी.१.६१७, आणि त्याचे सर्वांत जुने नमुने भारतातीलच, ऑक्टोबर २०२० चे. पुढे त्याच्या तीन शाखा ओळखल्या गेल्या. त्यांतील दुसरी शाखा इतर साऱ्यांना मागे सारून देशभर आणि मग जगभर पसरली. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे दिली तेव्हा तिला डेल्टा म्हटले. बाबा, यातील एक गोष्ट तुम्हाला नक्की पटेल. आम्ही सारे ज्या ई४८४क्यू बदलाकडे बोट दाखवत होतो, तो डेल्टामध्ये नव्हताच. अक्षर पाहून कोणता वंश माजेल हे सांगता येत नाही. आठवड्यामागून आठवडा कोणाचा वाटा वाढतो आहे हे मोजत राहावे लागते, आणि तो वाटा काढायचा तर गंभीर रुग्णांबरोबर साध्या सर्दीवाल्यांचेही नमुने हवेत, विदर्भातले हवेत, कोकणातले हवेत, शून्याची नोंदही हवी.

एप्रिलमध्ये धाकट्या काकांचे जे झाले ते तुम्ही जवळून पाहिले, मी फक्त फोनवर ऐकत होते. त्यांना मधुमेह होता, ऑक्सिजन पातळी चांगली होती, आणि तरी तापाच्या दुसऱ्याच दिवशी एका खासगी दवाखान्यात त्यांना स्टिरॉइड सुरू केले गेले. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्येच आला होता: डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात, ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र त्याचा लाभ नाही. तेच औषध योग्य दिवशी जीव वाचवते आणि अवेळी दिले तर साखर भडकवून प्रतिकारशक्ती दाबते. काका कोविडमधून उठले आणि तीन आठवड्यांनी त्यांच्या गालावर सूज आली. पुढे नागपूर, म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी, तिच्यावरील अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी चुलतभावाची पायपीट आणि शेवटी डावा डोळा. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातून काढून दिल्या जाणाऱ्या प्लाझ्माचीही तीच कथा. देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २०२० मध्येच दाखवले होते की त्याने आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही, तरी मे २०२१ मध्ये तो उपचारपद्धतीतून वगळला जाईपर्यंत दाते शोधत लोक रात्र-रात्र फिरत होते. आई, घरातील उरलेल्या गोळ्या पाहून मी फोनवर तुझ्यावर चिडले, त्याच्या मागे हे सारे आहे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. आणि विनाकारण घेत राहिले तर उद्या खरोखर न्यूमोनिया झाला की ते जिवाणूवरही चालेनासे होते.

ऑक्सिजनविषयी तुम्हाला नव्याने सांगावे असे काही नाही, ते दिवस सगळ्यांनीच काढले. एवढेच लिहिते की नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिल्या लाटेनंतर स्वस्थ न बसता हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प बसवून घेतले होते, म्हणून दुसऱ्या लाटेत तो जिल्हा तगला. शांततेच्या महिन्यांत केलेले काम ते हेच. आणि मृत्यूंची मोजदाद हा याहूनही दुखरा भाग आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. सरकारने ती पद्धत अमान्य केली आणि २०२१ अखेरची अधिकृत संख्या पाच लाखांच्या आत आहे. मी त्या वादात निवाडा देऊ शकत नाही. पण आपल्या गल्लीतील ज्या आजी तपासणीविना घरीच वारल्या, त्या कोणत्याही यादीत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी मात्र कसे काम करावे ते दाखवले. तपासणीत विषाणूचा एक जनुक दिसेनासा झाल्याचे ध्यानात येताच त्यांनी नमुने वाचले, २४ तारखेला जगाला कळवले आणि २६ तारखेला ओमायक्रॉन हे नाव पडले. बक्षीस म्हणून त्यांना मिळाली ती विमानबंदी. ज्याने प्रामाणिकपणे आधी सांगितले त्यालाच वाळीत टाकले, तर पुढचा देश सांगायला कचरेल, अशी भीती मला तेव्हा वाटली आणि आजही वाटते. हा ओमायक्रॉन डेल्टाच्या पोटी जन्मलेला नव्हता. तो अगदी वेगळ्या फांदीवरून आला. आज जे काही फिरते आहे ते त्याचेच वंशज आहे: २०२३ च्या डिसेंबरात केरळमध्ये आढळलेला जेएन.१ आणि त्याच्या कुळातील २०२५ मधील एनबी.१.८.१ व एलएफ.७. बहुतेकांना त्यांनी सर्दी-तापापलीकडे नेलेले नाही, कारण लस आणि आधीचे आजार मिळून आपल्या अंगात काही शिदोरी जमली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली. विषाणूने आपले बदलणे थांबवलेले नाही.

लोक तपासणी करीत नाहीत म्हणून आता पुण्यात सांडपाण्याचेही नमुने घेतले जातात. लक्षणे नसलेल्या माणसाच्या विष्ठेतूनही विषाणूचे अंश बाहेर पडतात, त्यामुळे संपूर्ण वस्तीचा अंदाज एका बाटलीत येतो. मला हे काम फार आवडते, कारण त्यात कोणाचे नाव नाही, कोणाला भीती नाही. पण सांडपाणी हे सांगत नाही की सत्तरीच्या, रक्तदाब असलेल्या बाईला या नव्या वंशाने किती दिवस ताप आला. ते फक्त तिचा स्वॅब आणि त्यासोबतची नीट भरलेली यादी सांगते.

म्हणून आई, माझे ऐक आणि उद्या सकाळीच बाबांबरोबर उपजिल्हा रुग्णालयात जाऊन स्वॅब दे. "साधी सर्दी आहे, उगाच कशाला" असे तू म्हणशील, आणि ती साधी सर्दी असण्याचीच शक्यता अधिक आहे. तसा नमुनाही वाचायला मिळाला तर आम्हाला हवाच आहे. त्या गोळ्या आज रात्रीपासून बंद कर आणि डॉक्टरांना त्यांचे पाकीट दाखव. ताप पाच दिवसांच्या पुढे गेला, दम लागला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली उतरला तर माझ्या फोनची वाट न पाहता दाखल व्हायचे. स्टिरॉइड कोणी सुचवले तर मला फोनवर घेऊन डॉक्टरांशी बोलू दे.

बाबा, ऑक्सिमीटर देवघराच्या वरच्या कप्प्यात लाल डब्यात आहे, त्याचे सेल बदलावे लागतील. सकाळ, दुपार, रात्र असे आईचे ताप आणि ऑक्सिजनचे आकडे वेळेसह लिहून ठेवावेत, आणि यादीत लक्षणे सुरू झाल्याची तारीख बुधवार, १८ जून अशीच लिहून घ्यावी; रकाना रिकामा सोडू देऊ नये. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी अमरावतीला उतरते, तिथून दुपारपर्यंत घरी पोहोचेन. वही तेव्हा पाहीन.

आपली लेक,
माई