घाटातले रेडियमचे स्टड पावसाळा संपेपर्यंत का उरत नाहीत? सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

विषय : जांबोटी–कणकुंबी–चोर्ला मार्गासह सीमाभागातील रस्त्यांवर परावर्तक रोड स्टड बसवण्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव जिल्ह्यात डांबरीकरण झाले की बिले निघण्याच्या घाईत, मार्चअखेरीस, रस्त्यावर रेडियमचे स्टड, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकणारे छोटे उंचवटे, चिकटवले जातात. गणपतीला कणकुंबीकडे जाऊन पाहावे, तर मधल्या रेषेवर गोंदाचे चौकोनी डाग तेवढे उरलेले असतात. ठेकेदार म्हणतो माल चांगला होता, खाते म्हणते लोकांनी उपटून नेले. दोघांचेही थोडे थोडे खरे असेल, पण मुख्य कारण वेगळे आहे. जिथे रस्त्यावरून लोखंड घासत जाते तिथे पृष्ठभागावर उंच बसवलेला स्टड टिकत नाही.

स्टड कशासाठी हवेत ते आधी सांगतो, कारण पांढरा पट्टा आहे ना, मग पुरे, असे अंदाजपत्रक करताना म्हटले जाते. थर्मोप्लास्टिकच्या पट्ट्यात काचेचे बारीक मणी असतात आणि गाडीचा प्रकाश ते मागे फेकतात. पट्ट्यावर पाण्याचा पातळ थर आला की प्रकाश मण्यापर्यंत पोचण्याआधीच पाण्यावरून पुढे निसटतो आणि पट्टा दिसेनासा होतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर रात्री रस्ता कोरडा असतोच कुठे? स्टडची काच पाण्याच्या थराच्या वर असते, म्हणून ती दिसत राहते. नेमका हा उंचवटाच त्याच्या मुळावर येतो.

बर्फाच्या देशांना हा अनुभव फार आधी आला. तिथे बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीचे पोलादी पाते रस्ता खरवडत जाते आणि चिकटवलेला स्टड पहिल्याच हिवाळ्यात उडतो. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी १९३४ साली पेटंट घेतलेल्या ‘कॅट्स आय’ नावाच्या स्टडमध्ये काचा रबरात बसवलेल्या असतात आणि रबर बिडाच्या साच्यात. चाक वरून गेले की रबर दबते, पाते आले तर साच्याच्या तिरक्या कडा ते वर उचलतात. अमेरिकेतल्या ओहायोसारख्या राज्यांनी रस्त्यात चर कापून, त्यात बिडाचा साचा एपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने पक्का करून, आत परावर्तक बसवण्याची पद्धत वापरली. तिचा तोटाही दिसला : डांबर कमकुवत झाले की साचा सुटतो आणि चाकाखालून उडालेला बिडाचा तुकडा मागच्या गाडीला घातक ठरतो. म्हणून साच्याशिवाय, नुसती खाच कापून त्यात साधा स्टड पृष्ठभागाच्या खाली बसवणे हाही मार्ग तिथे वापरात आला.

आमच्याकडे बर्फ नाही, पण पात्याचे काम करणारी यंत्रे आहेत. चोर्ला घाटात माती आली की जेसीबीची बकेट डांबराला टेकवूनच राडा ओढला जातो. खानापूर भागात रोपलावणीच्या दिवसांत चिखलणीची लोखंडी केज व्हील न काढताच ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात डांबरी रस्त्यावरून जातात. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या वळणावर मधल्या रेषेवरून फरफटत फिरतात. तिथे धक्का वरून बसत नाही, आडवा बसतो. प्रयोगशाळेत स्टडवर सरळ खाली दाब देऊन तो फुटत नाही एवढे पाहतात, आडव्या ओढीबद्दल त्या दाखल्यातून काहीच कळत नाही. दाखला खरा आणि रस्त्यावर स्टड गायब, असे होण्याचे कारण हेच.

तेव्हा पहिली मागणी अशी, की जेसीबी नेहमी फिरतो त्या घाटभागात स्टड खाचेत बसवावेत. खोली २५ मिमी, रुंदी १३ सेंमी, मध्ये १५ सेंमीचा सपाट भाग आणि त्याच्या दोन्ही टोकांना ९० सेंमीत शून्यावर येणारा ढाळ. स्टड १० सेंमी रुंद आणि १८ मिमी उंच घ्यावा. खाली दोन मिमी गोंद धरला तर त्याचा माथा डांबराच्या पाच मिमी खाली राहतो आणि बकेट वरून निघून जाते. दोन्ही अंगांना दीड-दीड सेंमी वाट राहते, तिथून पाणी वाहते.

या ढाळाच्या लांबीतच काटछाट होणार, कारण कटर जितका कमी चालेल तितका ठेकेदाराचा फायदा. म्हणून तिचा हिशेब इथेच देतो. मोटारीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंमी उंच असतो. ढाळ ९० सेंमीचा असेल तर काचेचा वरचा भाग ८०–९० मीटरवरून दिसू लागतो, पन्नास मीटरवर साधारण वरची तिसरा हिस्सा काच उजळते आणि तीस मीटरच्या आत जवळजवळ सगळी. तोच ढाळ ३० सेंमीचा केला तर ३५ मीटरपलीकडे काच खाचेच्या कडेआड जाते. घाटात वळणांमुळे ८० मीटरपुढचा रस्ता तसाही दिसत नाही, त्यामुळे ९० सेंमी पुरतात. सरळ, वेगाच्या महामार्गावर मात्र हे माप अपुरे आहे, तिथे ढाळ आणखी लांब हवा.

खाचेत पाणी साचेल ही शंका रास्त आहे. २५ मिमी खोली ९० सेंमीत संपते म्हणजे ढाळ शेकडा २.८ चा होतो. रस्त्याचा उतार शेकडा ४ असेल तर खालच्या टोकाकडेही खाचेच्या तळाला थोडा उतार उरतो आणि पाणी आपोआप बाहेर पडते. रस्ता सपाट असेल तर खाचेची डबकी होतात आणि पाण्याखालची काच मंद पडते. म्हणून शेकडा ३ पेक्षा कमी उताराच्या रस्त्यावर खाच कापूच नये. आणि जांभ्याची लाल माती खाचेत बसतेच, त्यामुळे पावसाळ्यात राडा काढल्यावर आणि एरवी पंधरवड्यातून एकदा तारेच्या नव्हे, नायलॉनच्या ब्रशने खाच झाडावी लागेल. तारेने काचेवर चरे पडतात.

आणखी एक अट आहे आणि ती मोडली तर स्टडपेक्षा रस्त्याचे नुकसान जास्त होईल. २० मिमीच्या प्रीमिक्स कार्पेटमध्ये, म्हणजे पातळ डांबरी थरात, २५ मिमी खाच कापली की कटर थेट खालच्या थरात उतरतो, तिथून पाणी मुरते आणि वर्षभरात स्टडच्या जागी खड्डा तयार होतो. वरचा बीसीचा (बिटुमिनस काँक्रीटचा) थर ४० मिमी असेल आणि त्याखाली डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, म्हणजे दाट डांबरी थर) असेल, तिथेच खाच कापावी. ३० मिमी बीसीतही खाली पाचच मिमी उरतात, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. कापण्यापूर्वी एक कोअर, म्हणजे डांबराचा गोल नमुना, काढून जाडी मोजावी, अंदाजपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये. अंदाजपत्रकातले ४० मिमी रस्त्यावर किती भरतात ते आपले अभियंते जाणतात.

जिथे खाच कापता येत नाही तिथे चिकटवलेले स्टड राहणारच, पण ते नीट चिकटवावेत. नियम नवे नाहीत, केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलेच आहेत. नवे डांबर वाहतुकीला खुले होऊन किमान १४ दिवस झाल्याशिवाय स्टड बसवू नये, कारण ताज्या डांबराच्या वर तेलाचा पापुद्रा असतो आणि गोंद त्या पापुद्र्याला चिकटतो, रस्त्याला नाही. पृष्ठभाग कोरडा हवा. धूळ, तेल, रंग काही नको. खिळा मारून स्टड ठोकू नये, स्टड उडाला की खिळा टायरसाठी मागे राहतो. प्रत्यक्षात मात्र सकाळी दव असताना माणसे कामाला लागतात, रस्ता गोणपाटाने पुसतात आणि स्टड थेट पांढऱ्या पट्ट्यावर बसवतात. असा स्टड पट्ट्याचा पापुद्रा घेऊनच निघतो. तो पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत किंवा पट्ट्याच्या बाजूला, उघड्या डांबरावर बसायला हवा.

गोंदाची चोरी सगळ्यात जास्त होते. १० बाय १० सेंमीच्या तळाखाली तीन मिमी थर म्हणजे ३० मिली गोंद लागतो, खडबडीत डांबरावर ५० मिली. स्टड दाबल्यावर चारही बाजूंनी गोंदाची बारीक कड बाहेर दिसली तर तळ भरला असे समजावे. मध्ये चार ठिपके लावून स्टड ठेवला की कडेखाली पोकळी राहते, त्यात पाणी शिरते आणि प्रत्येक चाकाबरोबर ते पाणी गोंद उकलत जाते. खाली भोकात बसणारा पाय असलेला स्टड असेल तर भोक पायापेक्षा दोन-तीन मिमी मोठे पाडावे, ब्लोअरने धूळ काढावी आणि भोकही गोंदाने भरावे. आणखी एक : डांबरी रस्त्यावर कडक एपॉक्सीपेक्षा गरम करून ओतायचा डांबरी गोंद बरा. एपॉक्सी स्वतः सुटत नाही, डांबराचा टवका घेऊन सुटतो. उपटलेल्या स्टडच्या तळाला खडी चिकटलेली दिसली तर गोंद चांगला होता आणि रस्ता कच्चा. तळ स्वच्छ असेल तर चिकटवण्यात चूक. उडालेले स्टड गोळा करून उलटे ठेवले तरी अर्धी चौकशी पूर्ण होते.

अंतराबाबत. दाट धुक्यात ३० मीटर दिसत असेल आणि स्टड १८ मीटरवर असतील, तर चालकाला एका वेळी एक, फार तर दोन दिसतात. दोन ठिपक्यांवरून रस्ता कुठे वळतो ते कळत नाही, त्याला किमान तीन लागतात. म्हणून वळणावर आणि धुक्याच्या पट्ट्यात ९ मीटर, बाकी १८. एका किलोमीटरला मध्यरेषेवर ९ मीटरने १११ स्टड, १८ ने ५६. वळणाआधीही अंतर ९ मीटर करावे, वळण सुरू झाल्यावर नव्हे.

रंगांचे नियम आयआरसी ३५ (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरील खुणांची नियमावली) मध्ये आहेत : लेन आणि मध्यरेषेला पांढरा, डाव्या कडेला लाल, दुभाजकाच्या बाजूला पिवळा. मिळेल तो रंग बसवण्याचे प्रकार थांबावेत.

स्टड बसले की सगळे झाले असेही नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात, कमी वाहतुकीच्या दुपदरी रस्त्यांवर तीव्र वळणांच्या ठिकाणी स्टडमुळे अपघात वाढू शकतात असे आढळले. रस्ता स्पष्ट दिसला की माणूस जोरात हाकतो. त्यामुळे चोर्ल्यासारख्या घाटात मध्यरेषेच्या स्टडबरोबर दरीच्या बाजूला डेलिनेटरचे, म्हणजे रस्त्याची कड दाखवणारे परावर्तक खांब आणि बाहेरच्या कडेला शेवरॉन (वळणाची दिशा दाखवणारे बाणांचे फलक) लावलेच पाहिजेत. खांबाला जेसीबी लागत नाही आणि चिखलाने तो झाकत नाही. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर घाटात आधी खांब घ्यावेत. डाव्या कडेला उंच स्टड घाटात टाळावेत, दुचाकी तिथूनच चालतात आणि ओल्या वळणावर २० मिमीचा गुळगुळीत उंचवटा चाकाखाली येणे धोक्याचे आहे.

सोलरवर लुकलुकणाऱ्या स्टडची जाहिरात हल्ली जोरात आहे. कणकुंबीला जून ते सप्टेंबर बॅटरी चार्ज कशावर होणार? साधी काच बिनबॅटरीची चालते. भंगारवाल्यांचा डोळा चुकवायचा तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा प्लास्टिकचे घ्यावेत.

आता पैशांबद्दल. मालाची दोन वर्षांची हमी कागदावर असते, पण बिल बसवल्या दिवशी निघते, त्यामुळे हमी मागायला कोणी जात नाही. स्टडच्या बाबीतली ४० टक्के रक्कम ऑक्टोबरमधल्या मोजणीपर्यंत रोखून ठेवावी. मोजणी रात्री, पाऊस किंवा ओला रस्ता असताना, गाडीचा दिवा डिपरवर ठेवून करावी. दिवसा चालत जाऊन मोजले तर आंधळा झालेला स्टडही हजर भरतो. वळणावर सलग दोन स्टड नसतील तर ते पंधरा दिवसांत बसवलेच पाहिजेत, सरळ रस्त्यावर सलग तीन. आणि नव्या डांबराच्या अंदाजपत्रकात जुने स्टड काढणे, भोके बुजवणे आणि १४ दिवसांनंतर नवे बसवणे या तिन्ही बाबी स्वतंत्र लिहाव्यात. आज डांबर पसरणारा पेव्हर येतो आणि स्टड डांबराखाली गाडून पुढे जातो.

एकदम सगळीकडे करा असे आमचे म्हणणे नाही. जांबोटी–कणकुंबी–चोर्ला मार्गावर शेकडा ४ पेक्षा जास्त उताराचा दीड किलोमीटरचा पट्टा निवडावा आणि त्याचे तीन भाग करावेत : ५०० मीटर खाचेतले स्टड, ५०० मीटर डांबरी गोंदाने चिकटवलेले, ५०० मीटर एपॉक्सीने. ९ मीटरने प्रत्येकी ५६, एकूण १६८ स्टड. डिसेंबर ते फेब्रुवारीत, रस्ता कोरडा असताना काम करावे, म्हणजे पावसाआधी दोन-तीन महिने मिळतात. ऑक्टोबरमधल्या मोजणीचे आकडे बेळगावच्या कार्यालयात लावावेत. त्याआधी घाटात राडा काढणाऱ्या प्रत्येक जेसीबीचालकाला कन्नड आणि मराठीत एका पानाची सूचना द्यावी : मध्यरेषेजवळ बकेटचे दात टेकवू नयेत, दातांवर सपाट पाते लावावे, शेवटचा दोन इंचांचा थर फावड्याने आणि पाण्याने काढावा. केज व्हीलबाबत सूचनेचा उपयोग होणार नाही. त्यासाठी लावणीच्या महिन्यात ग्रामपंचायतींमार्फत शेतांच्या तोंडाशी चाके बदलायला जागा करून द्यावी लागेल.

जे रस्ते आपल्या खात्याकडे नसून राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे आहेत, त्यांच्यासाठी याच अटी आपण त्यांना लेखी कळवाव्यात ही विनंती.

आपले,
सीमाभागातील रस्ताकामात असलेले काही अभियंते व पर्यवेक्षक
बेळगाव – खानापूर – निपाणी