आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पक्षाघातानंतर ‘तब्येत कशी आहे’ हे आधी रुग्णाला विचारा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

साडेचार वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्या मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि शरीराची उजवी बाजू व बरीचशी भाषा मी एकाच वेळी गमावली. उपचार वेळेत मिळाले, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी झाली, आणि सहा महिन्यांनी मी स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला गेलो. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, बोटे दाबून पाहिली, चार पावले चालवून पाहिले आणि केस पेपरवर लिहिले, ‘प्रगती समाधानकारक.’ त्यात चुकीचे काहीच नव्हते. मात्र त्या दिवशी मला कोणी विचारले असते, तर माझी तब्येत वाईट आहे असेच मी सांगितले असते. ‘आता कसे आहेत हे?’ हा प्रश्न माझ्यादेखत माझ्या पत्नीला विचारला गेला, आणि तिने माझ्याकडे न पाहता ‘बरे आहेत’ असे उत्तर दिले.

पक्षाघातातून वाचलेली व्यक्ती स्वतःच्या आरोग्याबद्दल काय समजते, याची नोंद पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. मागणी साधी असली तरी तिची कारणे थोडी विस्ताराने मांडावी लागतील.

पक्षाघातानंतरची स्थिती मोजण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्या जुन्या आहेत आणि आपापल्या कामापुरत्या चांगल्याही आहेत. डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेली मोजपट्टी सुधारित रूपात ० ते ६ अशी वापरली जाते. ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. बार्थेल निर्देशांक १९६५ चा. जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, शौचावर ताबा, जिना चढणे अशा दहा गोष्टींवरून तो १०० पैकी गुण देतो. पूर्ण १०० गुण मिळाले म्हणून रुग्ण एकटा राहू शकेल असे समजू नये, कारण त्याला स्वयंपाक, घरकाम किंवा लोकांत वावरणे जमेलच असे नाही, हे निर्देशांक तयार करणाऱ्या महोनी आणि बार्थेल यांनी मूळ लेखातच स्पष्ट केले होते. ती सूचना पुढे विसरली गेली आणि गुण तेवढे उरले.

या गुणांत न मावणारे खूप काही आमच्या वाट्याला येते. पक्षाघातानंतरचा थकवा हा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोप झालेली असताना सकाळी दाढी केल्यावर पुन्हा आडवे व्हावे लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की शब्दांचा नुसता गोंगाट होतो. वाक्य तोंडाशी येईपर्यंत विषय बदललेला असतो. कधी कारण नसताना रडू फुटते आणि ते आवरता येत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे कधी ना कधी नैराश्य गाठते, आणि जवळपास तितक्याच रुग्णांना सुरुवातीला वाचाघात, म्हणजे बोलण्याची वा समजण्याची अडचण, असते. यातले काहीही चार पावले चालवून दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये पक्षाघाताचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि व्यावसायिक यांनी मिळून संशोधनाचे अग्रक्रम ठरवले, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत विचारशक्ती व स्मरणशक्तीच्या अडचणी सर्वांत वर होत्या. आम्हाला विचारले की यादीचा क्रम कसा बदलतो, ते यावरून लक्षात यावे.

उलट दिशेचा अनुभवही तितकाच खरा आहे. माझ्याबरोबर व्यायामाला येणारे एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीवरून उठू शकत नाहीत आणि तरीही आपली तब्येत चांगली असल्याचे ठामपणे सांगतात. ते स्वतःची समजूत घालत आहेत असे मलाही सुरुवातीला वाटले होते, आणि तसे वाटल्याचा मला आज खेद होतो. गंभीर आजारानंतर माणसाची आरोग्य मोजण्याची अंतर्गत फूटपट्टीच बदलते, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. काय महत्त्वाचे, किती पुरेसे आणि ‘बरे असणे’ म्हणजे काय, या तिन्ही गोष्टी तो नव्याने ठरवतो. त्या गृहस्थांसाठी आरोग्य म्हणजे स्वतःची सही स्वतः करणे आणि घरातल्या निर्णयांत आपले मत विचारले जाणे. त्यांना दोन्ही मिळाले आहे. मला चालता येत होते, पण घरात माझ्याशी बोलण्याऐवजी माझ्याविषयी बोलले जाऊ लागले होते.

स्वतःच्या आरोग्याबद्दलचे मत हा केवळ भावनेचा भाग आहे, त्यावर धोरण कसे आखणार, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर उपलब्ध आहे. ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ या एका प्रश्नाचे उत्तर पुढील काळातील मृत्यूच्या शक्यतेशी जोडलेले असते, आणि इतर वैद्यकीय माहिती हिशेबात घेतल्यावरही हा संबंध बहुतांशी टिकतो, असे २७ अभ्यासांच्या १९९७ मधील आढाव्यात दिसून आले. हे निष्कर्ष सर्वसाधारण लोकसंख्येचे आहेत. पण ज्याच्या उत्तरात इतका अर्थ असतो, त्याला तो प्रश्न विचारलाच जाऊ नये याचे समर्थन कसे करणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही रुग्णांना, विशेषतः मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्यांना, आपला हात लुळा पडल्याचेच कळत नाही. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये या अवस्थेला नाव दिले. अशा रुग्णाचे ‘मी ठणठणीत आहे’ हे उत्तर तपासणीशी ताडून पाहावे लागेल, हे मला मान्य आहे. तरीही ते उत्तर नोंदवलेच पाहिजे, कारण तपासणी आणि स्वतःचे मत यांतील हीच तफावत त्याच्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाची आहे. नातेवाइकांचे मतही घ्यावे, पण वेगळ्या ओळीत. घरची माणसे रुग्णाची स्थिती बहुधा तो स्वतः सांगतो त्याहून वाईट सांगतात, आणि मनःस्थितीसारख्या बाहेरून न दिसणाऱ्या बाबतींत हा फरक वाढतो. त्यांच्या थकव्याचा आणि भीतीचा त्यात वाटा असावा. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

वाचाघात झालेल्यांबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. ‘उत्तर देऊ शकत नाहीत’ म्हणून त्यांना पाहण्यांतून आणि अभ्यासांतून सर्रास वगळले जाते, आणि मग आमच्याविषयीचे निष्कर्ष आमच्यातल्या बोलू शकणाऱ्यांचेच असतात. माझ्या त्या पहिल्या वर्षात मला पाच चेहऱ्यांची चित्रे दाखवली असती, तर मी बोट ठेवून उत्तर दिले असते. मोठी अक्षरे, छोटी वाक्ये, एका पानावर मोजके प्रश्न आणि उत्तरासाठी शांतपणे दिलेला वेळ एवढ्यावर खूप काही साधते. वाचाघात असलेल्यांसाठी तयार केलेली ३९ प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली अस्तित्वात आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले, पण त्यातले म्हणणे पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होते.

म्हणून विनंती अशी की, रुग्णालयातून घरी गेल्यावर तिसऱ्या व सहाव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी, रुग्णाने स्वतः दिलेले उत्तर नोंदवणे बंधनकारक करावे. ते उत्तर वाईट असेल, किंवा मागच्या वेळेपेक्षा घसरले असेल, तर हातापायांची ताकद कितीही चांगली असली तरी नैराश्य, थकवा, वेदना आणि स्मरणशक्ती यांची तपासणी त्याच भेटीत व्हावी. पुनर्वसन सेवांचे मूल्यमापन करताना किती रुग्ण चालू लागले या आकड्याशेजारी किती जणांनी स्वतःची तब्येत चांगली म्हटली हा आकडाही जाहीर करावा. प्रश्नांचा नमुना ठरवणाऱ्या समितीत पक्षाघातातून वाचलेल्या व्यक्ती असाव्यात, त्यांपैकी किमान एक वाचाघात असलेली असावी, आणि तिला बोलण्यासाठी लागेल तेवढा वेळ बैठकीच्या वेळापत्रकातच राखून ठेवावा.

आपला नम्र,
पक्षाघातातून वाचलेला एक नागरिक