‘मार्गदर्शन मागविले आहे’ म्हणजे लवाद बंद

महोदय,

लवाद कायद्याचे (१९९६) कलम ३२ वाचले की वाटते, लवाद अर्ध्यावर सोडून जाणे कुणाला एकट्याला जमणार नाही. दोन्ही पक्षांनी ठरवले तर कामकाज थांबते. दावेदार दावा मागे घेऊ शकतो, पण तिथेही समोरच्याची हरकत रास्त असेल तर लवादाला ती मानावी लागते. ज्याच्यावर दावा आहे त्याला उठून जायची मुभा नाही. सरकारी खाते मात्र जाते, आणि निवाड्याची मुदत ठरवणाऱ्या कलम २९-अ च्या वाटेने जाते.

मी कराडकडचा नोंदणीकृत कंत्राटदार. पाणीपुरवठ्याच्या एका कामात जलवाहिनीच्या चरात कठीण खडक लागला. खात्याच्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, त्यातला बराचसा ‘मऊ खडक’ म्हणून चढला. मऊ खडकाला दर किती कमी मिळतो हे धंद्यातल्यांना सांगायला नको. पाइप टाकून चर बुजवला की पुरावा जमिनीखाली. हाती उरतात सुरुंगाच्या पावत्या आणि फोटो. वाद निवृत्त न्यायाधीशांपुढे गेला.

दोन्ही बाजूंची निवेदने दाखल झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा व्हावा, असे कायदा सांगतो. उभय पक्षांच्या संमतीने आणखी ६ महिने मिळतात. खात्याच्या वकिलांनी तारखांवर तारखा घेतल्या. शाखा अभियंत्यांची बदली झाली, ते साक्षीला येईनात. मूळ मोजमाप पुस्तिका लेखापरीक्षणाला गेली ती गेलीच. वर्ष सरत आले तसे मी मुदतवाढीला संमती मागितली. उत्तर आले, ‘वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागविले आहे.’ होकार नाही, नकारही नाही. मुदत उलटली आणि लवादाचा अधिकार संपला. करारात लवाद संपवण्याचा हक्क खात्याला कुठेच दिलेला नव्हता, आणि गप्प बसण्यासाठी त्याची गरजही पडली नाही.

आता मुदतवाढीसाठी न्यायालयात अर्ज. मुदत संपल्यावरही तो करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रोहन बिल्डर्स प्रकरणात स्पष्ट केले, नाहीतर सगळेच बुडाले असते. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही कायद्यात आहे. (प्रयत्न!) तोवर बँक गॅरंटीचे नूतनीकरण आणि कमिशन माझ्या माथी.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी खरेदीच्या करारांतला लवाद सर्वसाधारणपणे १० कोटींच्या आतल्या वादांपुरताच ठेवायला सांगितले. लवादाला वेळ आणि पैसा फार लागतो, हे त्यामागचे एक कारण. लागतो खरा, पण माझ्या प्रकरणात तो लवादाने घालवलेला नाही. राज्यातल्या खात्यांनी हेच धोरण उचलले तरी आमच्यासारखे लहान कंत्राटदार लवादातच राहणार, आणि ही पळवाटही तशीच राहणार.

म्हणून सार्वजनिक बांधकाम आणि पाणीपुरवठा या दोन्ही खात्यांना विनंती : ६ महिन्यांच्या मुदतवाढीला दोन्ही पक्षांची आगाऊ संमती आहे, एवढे एक वाक्य निविदेच्या अटींत घाला. आणि कलम २९-अ (८) खाली जरब बसेल असा खर्च लादण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आमच्या वकिलांनी तो प्रत्येक अर्जात मागावा. मी माझ्या अर्जात मागितला आहे.

– एक कंत्राटदार, कराड