थर्मासमधलं पाणी

अहिल्यानगर,
मंगळवार, रात्री

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार, आणि आमच्याकडचा सलामही.

पोहोचल्याचा फोन आला, पण त्यात धड बोलणं झालंच नाही. रविवारी माझ्या नातीचा, रेवाचा, बाप्तिस्मा झाल्यावर चर्चमधून बाहेर पडताना वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भावजी, आमच्या घरचं पाणी चाललं ना तुम्हाला?" मी नुसता हसलो. जेवणाची पंगत खोळंबली होती. रात्री पडल्यावर मात्र तो प्रश्न परत वर आला. तुझाही एक प्रश्न उधार आहेच: "पोरीला कुणी विचारलं का?" म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचं. नगरची जानेवारीतली सकाळ तू पाहिलीस. कुंडातलं पाणी इतकं गार होतं की पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, बोट बुडवून लगेच झटकलं. रेवा आठ महिन्यांची, त्यात सर्दी. हिने डोळे वटारले आणि तेवढ्यात वहिनींनी गोळ्यांसाठी आणलेला थर्मास पुढे केला. अर्धा थर्मास कुंडात गेला. वहिनींना वाटलं, विधीत काही खोट तर आली नाही? अरे, 'दिदाखे' नावाची ख्रिस्ती लोकांची फार जुनी पुस्तिका आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. त्यात लिहिलंय: वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं घ्या, गार जमत नसेल तर गरम घ्या, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे त्या काळीही कुणाच्या तरी नातवंडाला सर्दी झालेली असणार! पाण्याचा उगम कुणी विचारत नाही. लागतं ते एवढंच: पाणी, आणि "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने" हे शब्द.

आणखी एक लागतं, दुसऱ्याचा हात. मला यातलं सगळ्यात जवळचं काही वाटत असेल तर हेच. माणूस प्रार्थना एकट्याने करतो, उपास एकट्याने धरतो, पण स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करू शकत नाही. येशूसुद्धा यार्देन नदीवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापुढे जाऊन उभा राहिला. आमच्याकडे बाप्तिस्मा पाळकच देतात. कॅथॉलिकांच्या नियमात मात्र अडीअडचणीला, बाळ दगावतंय अशा वेळी, कुणीही तो देऊ शकतो. स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूसही, फक्त मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मनात जे आहे तेच करायचा हेतू हवा. तेव्हा वहिनींना सांग, पाणीच काय, वेळ पडली असती तर हातसुद्धा चालला असता.

हाताचं एवढं का, ते तुला हॉस्टेलवर असताना कधी सांगितलं नाही. तेव्हा लाज वाटायची. माझे पणजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यातले, महार. गावच्या आडाला शिवायची सोय नव्हती. कुणी वरून ओंजळीत पाणी घालील तेव्हा प्यायचं. अमेरिकन मिशन नगरला १८३१ सालीच आलं होतं, आमच्याकडे त्यांचा पाळक पोहोचला तो बऱ्याच नंतर. त्याने पणजोबांच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि पाणी घातलं. आज्जी ही गोष्ट सांगायची तेव्हा तारण, पापक्षमा वगैरे शेवटी यायचं. आधी ती स्वतःचा हात माझ्या टाळूवर दाबून म्हणायची, "असा ठेवला बघ. असा."

त्याने सगळं धुऊन निघालं असं मात्र समजू नकोस. कोण कुठून आलं हे मंडळीत पिढ्यान् पिढ्या माहीत असतं. सोयरीक जुळवताना तर आधी तेच निघतं. सरकारनेही १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलं. आड बंद होता तो जातीमुळे, आणि सवलत गेली ती पाण्यामुळे! म्हणून काही जण आपला बाप्तिस्मा चारचौघांत सांगत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

आता पोरीला विचारलं का? नाही विचारलं. यावर आमच्यातच शतकानुशतकं भांडणं आहेत. शुभवर्तमानावर विश्वास ठेवून माणसं पाण्यात उतरली, असं बायबलच्या नव्या करारात दिसतं. प्रेषित पौलाने तर त्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं म्हटलंय. मग तान्ह्या बाळाला काय कळणार, म्हणून एक पंथ मोठेपणीच, तेही पूर्ण बुडवून, बाप्तिस्मा देतो. झुरिकमध्ये १५२७ साली असं मानणाऱ्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथॉलिक नव्हते, प्रॉटेस्टंटच होते. माझ्या पुतण्याने मागच्या वर्षी प्रवरेत जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, तर माझा भाऊ त्याच्याशी दोन महिने बोलला नाही. बरेच प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झालं, त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही आले. म्हणून त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या, बालपणीची आणि मोठेपणीची. मला हा तोडगा आवडतो. तो सोपा नव्हता.

पण रविवारी प्रश्न कुणाला विचारले ते ऐकलंस ना? रेवाला नाही, तिच्या आईबापाला. मग आम्हा सगळ्यांना उभं केलं: हिला वाढवायला हातभार लावाल का? "लावू" म्हणालो. तिच्याकडून त्या दिवशी काहीच मागितलेलं नाही. पुढे कळती झाली की तिला स्वतः उभं राहून हो म्हणायचंय, त्याला दृढीकरण म्हणतात. ती नाही म्हणाली तर? तेव्हा मी बहुधा नसेन, पण तिच्या बापाला आत्ताच सांगून ठेवलंय, आरडाओरडा करायचा नाही.

आणि नावाचं. "रेवा म्हणजे नर्मदा की रे, मग ख्रिस्ती कशी?" असं तू म्हणालास. अरे, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला आणि ते नारायण वामनच राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यापायी काही वर्षं दुरावल्या, १९०० साली त्यांनीही घेतला, आणि त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. त्या पाण्यापायी ज्यांचा संसार मोडायला आला होता, त्याच टिळकांनी शेवटच्या दिवसांत 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी. मिशनवाल्यांना ते पचणं जड होतं. मला मात्र रविवारी तुम्ही दोघं तिसऱ्या बाकावर बसलेले दिसलात आणि टिळकांचंच आठवलं.

फोटो थोरला पाठवील. पाणी पडताना रेवाने पाळकांचा गळ्यातला पट्टा मुठीत धरला होता, तो सोडवेपर्यंतचे चार फोटो आलेत, चारही हललेले. डोकं पुसायला हिने पदर पुढे केला तर सासूबाईंनी हात धरला, "राहू दे, सुकेल आपोआप."

थर्मास इथेच राहिलाय, झाकणासकट. कुणी पुण्याला निघालं तर पाठवतो, नाहीतर तूच ये न्यायला. वहिनींना सलाम.

तुझा,
सुहास