आधी आवाज कुठला ते ठरव

कसबा बावडा, कोल्हापूर

प्रिय बंड्या,

गाडी आवाज करायला लागली म्हणून दाखवलीस, तर "सुपरचार्जर गेलाय, अख्खा बदलायला लागणार," असं तिथल्या, नाशिकच्या वर्कशॉपवाल्यानं सांगितलं आणि आकडा ऐकून तू थेट गाडी विकायच्या गोष्टी करायला लागलास. फोनवर मी एवढंच म्हणालो, की घाई करू नकोस. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून बसून लिहितोय. वहिनी मागून "तुमचा पांढरा हत्ती" म्हणाल्या ते ऐकू आलं. त्यांना नमस्कार सांग, आणि हत्ती अजून पुष्कळ चालेल असंही सांग.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं हेच झालं. तुझी नि माझी एकाच जातीची मर्सिडीज, मागं 'कॉम्प्रेसर' (सुपरचार्जरला मर्सिडीजवाल्यांचा शब्द) लिहिलेली, अठराशे सीसीची, वय विशीच्या आसपास. आपल्या गावाला जर्मन गाडीचं तसं नवल नाही, दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक बघत आपण मोठे झालो. पण ती बघायची गाडी आणि ही रोज चालवायची. मलाही पूर्ण असेंब्लीच बदला म्हणून सांगितलं. यात दर वेळी लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. मोठ्या वर्कशॉपला आत उघडून बसायला सवड नसते, सुटे भाग सहज हाताशी नसतात, आणि दुरुस्त केलेली वस्तू महिन्याभरात परत आली तर शिव्या त्यांनाच. म्हणून ते डबाच्या डबा बदलतात. आपल्याला गाडी एकच आहे आणि रविवार भरपूर आहेत.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप. यंत्र काय आहे ते आधी समजून घे, ते तुला वाटतं तेवढं परकं नाही. माझा आत्तेभाऊ साखर कारखान्यात सांडपाण्याच्या प्लँटवर फिटर आहे. बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाला, "आरं, हा तर आमचा रूट्स ब्लोअर!" आणि खरंच तोच. टाकीत हवा सोडायला जो रात्रंदिवस घोंघावत असतो, त्याचीच ही छोटी आवृत्ती. अमेरिकेत इंडियानामधल्या रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गाड्यांत तो यायला वेळ लागला. कॉम्प्रेसर बसवलेल्या मर्सिडीज बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या त्या १९२१ साली.

आत दोन रोटर असतात. आपला ईटनचा एम-४५, म्हणजे एका फेरीत ४५ घनइंच, साधारण पाऊण लिटर हवा ढकलणारा. प्रत्येक रोटरला तीन पाती, त्यांना ६० अंशांचा पीळ. गंमत अशी की हे दोन रोटर एकमेकांना कधीच शिवत नाहीत. मधे अगदी बारीक फट असते, आणि ती राखायचं काम पुढच्या बाजूला ऑईलमध्ये फिरणारी टायमिंग गिअरची जोडी करते. मागच्या टोकाला सुईबेअरिंग. गिअरच्या पुढं एक लांबट नाक, त्यात शाफ्ट, दोन बेअरिंग, ऑईल सील आणि बाहेर पुली. शाफ्ट आणि गिअर यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकची चकती, तिच्या भोकांत दोन्हीकडच्या पिना बसतात. शेतातल्या मोटार आणि पंपाच्या मधे कपलिंगचा रबर असतो ना, तेच काम. तो रबर झिजला की आपण अख्खा पंप फेकतो का?

बहुतेक वेळा आवाज या नाकातूनच येतो. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून नाकाला हात लावायच्या आधी त्याच्याभोवतीच्या सगळ्या संशयितांची झडती घ्यायची. सगळं काम तिथंच आहे, पानेबिने नंतर.

पहिली परीक्षा पट्ट्याची. इंजिन थंड असताना पट्टा कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढ, टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, ढिला कर, पट्टा उतरव आणि गाडी सुरू कर. अर्धा मिनीट, जास्त नाही. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर आहे, तो फिरत नसताना इंजिन चालू ठेवलं तर सुपरचार्जरपेक्षा मोठं काम निघेल. बॅटरीचा दिवा लागेल, त्याला घाबरू नकोस. आवाज तसाच राहिला तर सुपरचार्जर निर्दोष आहे. मग इंजिनाच्या आतल्या टायमिंग चेनकडं बघायचं, आणि ते काम घरी करायचं नाही, हे मी तुला आत्ताच बजावून ठेवतो. विशेषतः सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ होऊन थांबत असेल तर चेनवरच संशय घे. आवाज गेला तर चोर पट्ट्यावरच्या मंडळींत आहे.

ती मंडळी बरीच आहे. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, आयडलर (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी मोकळी पुली), टेन्शनर. पट्टा उतरवलेलाच आहे तर एकेक पुली हातानं फिरव. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं. खराब झालेलं बोटांना खरखर सांगतं. आयडलर भोवऱ्यासारखा सुटून फिरत राहिला तर त्यातलं ग्रीस सुकलंय. काही अल्टरनेटरची पुली एकाच बाजूला मोकळी फिरणारी असते, ती बिघडली की आवाज इतका सुपरचार्जरसारखा येतो की भले भले फसतात. माझा आयडलरही थोडा खरखरत होता. तो बदलला, स्वस्तात सुटला, पण मुख्य आवाज त्याचा नव्हता.

आता सुपरचार्जरची पुली. आधी वर-खाली हलवून बघ. जराही डुगडुगली तर नाकातलं बेअरिंग गेलं. मग डावी-उजवीकडं हळूच फिरव. रोटर जागचे हलायच्या आधीच पुली मोकळी फिरून "टक" असं कुठंतरी आपटत असेल, तर चकतीची भोकं लांबट झालीत. माझ्यात ती टकटक हाताला स्पष्ट लागत होती.

पट्टा परत चढवून गाडी चालू करून ऐक. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धर आणि टोक नाकाच्या धातूवर टेकव. शर्टाच्या बाह्या दुमड, गळ्यात काही लोंबतं ठेवू नकोस, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे विसरू नकोस. चकतीचा आवाज गाडी जागेवर चालू असताना खडखडतो आणि जरा रेस दिली की गायब होतो, कारण भार आला की पिना एका बाजूला घट्ट टेकतात. बेअरिंगचं उलटं. त्याची घरघर रेसबरोबर चढत जाते. तिसरा आवाज लोखंड लोखंडावर घासल्याचा. तो आला तर रोटर शिवायला लागले, गिअर नाहीतर मागचं सुईबेअरिंग गेलं. तिथं गाडी बंद करायची आणि वर्कशॉपवाल्याचं ऐकायचं. त्या वेळी तो बरोबर असतो. आणि रेस दिल्यावर येणारी बारीक शीळ हा रोग नव्हेच. रूट्स हवा आत दाबत नाही, नुसती पुढं ढकलते. पात्यांमधली हवा तोंड उघडलं की दाबाच्या हवेला धडकते, त्याचे ठोके मिळून तो सूर होतो. रोटरना पीळ दिलाय तो हेच ठोके सौम्य व्हावेत म्हणून. त्या शिळेसाठी तर आपण ही गाडी घेतली.

माझं निदान ठरलं: चकती नक्की, पुढचं बेअरिंग जाण्याच्या वाटेवर.

सुपरचार्जर गाडीतून काढणं कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. बॅटरीचा निगेटिव्ह सोड, हवेचे पाईप काढ, उघड्या तोंडांत ताबडतोब स्वच्छ फडकी कोंब. एक वायसर इंजिनात गेला तर माझ्या नावानं शंख करशील. बाहेर काढल्यावर ऑईल काच-बरणीत ओतून उजेडात धर. काळं असलं तर वयाचं लक्षण, पण चकाकणारा चुरा दिसला तर गिअरची तब्येत विचारायला हवी. माझं काळं होतं, वास असा की घरातून बरणी बाहेर ठेवायचा हुकूम झाला.

इथून पुढं उद्यमनगर, आपल्या कोल्हापुरातली लेथ-कारखान्यांची वसाहत. गड्या, तू नाशिकला गेलास आणि शिवाजी उद्यमनगर काय चीज आहे हे विसरलास. पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते. ती हातोडीनं ठोकून काढणारे महाभाग आहेत. तो प्रत्येक घाव बेअरिंगवर बसतो. तिथल्या एका लेथवाल्या मिस्त्रीनं पुलीच्या मापाचा पुलर उभ्या उभ्या बनवून दिला, वर बेअरिंग दाबायला अल्युमिनियमची डॉली. चकती बघून म्हणाला, "ही पण करून देतो की, नायलॉनच्या रॉडमधनं, हुबेहूब." मिस्त्रीचा हात असा की हुबेहूब झालीही असती. पण मी नको म्हणालो. आकार जमेल, पण तो रॉड कुठल्या नायलॉनचा आहे आणि गरम ऑईलमध्ये तासन्‌तास कसा वागेल हे ना त्याला ठाऊक ना मला. चकती, सील आणि बेअरिंगचा संच मी बाहेरून मागवला. हत्यार गावात करून घ्यावं, आत फिरणारा भाग मात्र मापाबरोबर मालही खात्रीचा असलेला घ्यावा, असं माझं मत आहे. मिस्त्री थोडा रुसला, चहा पाजल्यावर हसला.

बेअरिंग सुटं घ्यायचं झालं तर नंबर कडेवर कोरलेला असतो. नंबरामागची अक्षरंसुद्धा जुळली पाहिजेत. पूर्ण रेसला हा शाफ्ट मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर जातो, तिथं नकली बेअरिंग टिकायचं नाही. ओळखीच्या डीलरकडूनच घे, खोकं बघून भुलू नकोस.

नाकाचे बोल्ट काढले की ते सहज सुटत नाही, सीलंटनं चिकटलेलं असतं. प्लॅस्टिकच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक कर. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. तिथं ओरखडा पडला की ऑईल गळत राहील. नाक निघालं की चकती समोर येते. माझ्या चकतीची भोकं अंडाकृती झाली होती, काडीचाही संशय उरला नाही. आत गिअर दिसतील. दात बघ, बोटानं फिरवून बघ, आणि बस्स. गिअर शाफ्टवरून काढायचे नाहीत. दोन रोटरांमधली फट त्यांच्याच बसण्यावर ठरलेली आहे. ती एकदा बिघडली की घरी परत लागत नाही. आत्तेभाऊ ब्लोअर उघडण्यात मुरलेला, त्यानंही हात मागं घेतला.

नवीन बेअरिंग बसवायचं तर नाक गरम आणि बेअरिंग गार. तेवढ्याच उष्णतेला अल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्याचा फायदा घ्यायचा. नाक आधी पूर्ण धुऊन वाळवून घे, ऑईल लागलेलं तापवायचं नाही. घरच्या ओव्हनला हिनं हात लावू दिला नाही. मग मोटार वाइंडिंगवाल्याकडं गेलो. वार्निश सुकवायला त्यांच्याकडं ओव्हन असतोच. शंभर अंशांच्या आसपास नाक तापलं, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, आणि प्रेसवर फारसा जोर न लावता ते जागेवर गेलं. दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर दिला तर नवीन बेअरिंग बसता बसताच खराब. शाफ्ट आत दाबताना मात्र आतल्या रिंगला आधार हवा. सीलची ओठाची बाजू आत, ऑईलकडं.

सीलंट पातळ लाव. जास्त झालेलं आत ऑईलमध्ये सुटून फिरत बसतं. ऑईल सुपरचार्जरचंच, इंजिनाचं नव्हे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. चार औंसांची, म्हणजे ११८ मिलिलिटरची बाटली मिळते. चार्जर सपाट धरून प्लगच्या भोकापर्यंतच भर. बाटलीत उरलं म्हणून ओतायचं नाही.

पट्टा चढवायच्या आधी पुली हातानं फिरवून बघितली. टकटक गेली होती. गाडी सुरू केल्यावर आईनं आतून विचारलं, "चालू झाली की नाही?" तिला ऐकूच आली नव्हती. मग पन्हाळ्याच्या चढाला घातली, वरपर्यंत फक्त आपली शीळ. खाली येऊन नाकाखाली हात फिरवला, ऑईलचा थेंब नाही. पावसाळा गेला, उन्हाळाही गेला, अजून तसंच आहे.

तर आता तुझं. या रविवारी पट्टा उतरवून अर्धा मिनीट ऐक, पुली हलवून बघ, आणि जे आढळेल ते मला फोन करून सांग. घासल्याचा आवाज असेल तर विषय संपला, जुना पण चांगला चार्जर शोधायला मी मदत करतो. टकटक किंवा घरघर असेल तर सुट्टी टाकून गाडी घेऊन इकडं ये. हमरस्त्यानं सावकाश आण, मधे आवाज बदलला तर थांबून फोन कर. पुलर, डॉली दोन्ही माझ्याकडं आहेत, वाइंडिंगवाला ओळखीचा झालाय. संच आणि ऑईल मात्र तू आधीच मागवून ठेव, इथं दुकानात उभ्या उभ्या मिळत नाही. वहिनींना आणि पोरांना घेऊन आलास तर काम होईपर्यंत त्यांना जोतिबाला पाठवू, आणि संध्याकाळी तांबडा-पांढरा घरीच.

तुझा,
दादू